यंत्राची मनधरणी

यंत्र माणसाचे ऐकते, या समजुतीवर संगणक आपल्या घरात आला. त्याने हिशेब करून द्यावा, पत्र टंकलिखित करून द्यावे, रेल्वेचे आरक्षण मिळवून द्यावे, एवढ्यासाठीच तो आहे असे मानले गेले. आज्ञा देणारा माणूस आणि आज्ञा पाळणारे यंत्र अशी भूमिकांची वाटणी ठरलेली होती. ती केव्हा उलटली, हे बहुतेकांच्या ध्यानातही आले नाही. सकाळी उठल्याबरोबर भ्रमणध्वनी हाती घेणारा माणूस काही काम मनाशी धरून तो घेतो असे नाही. पुष्कळदा तो हाती आल्यावर मग काम सापडते. एक संदेश वाचण्यासाठी उघडलेल्या पडद्यावरून पाऊण तासाने डोळे वर उचलले जातात आणि मधल्या काळात नेमके काय पाहिले हे आठवत नाही. याला कोणी सवय म्हणतो, कोणी व्यसन, तर कोणी तरुण पिढीचा बेशिस्तपणा. हा सारा दोष त्या माणसाच्या पदरात टाकून मोकळे होण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तो पाऊण तास कोणीतरी योजनापूर्वक मिळवलेला असतो. ते मिळवण्याचे एक शास्त्र आहे, त्या शास्त्राला जन्मस्थान आहे आणि त्याचे पाठ विद्यापीठाच्या वर्गात दिले गेले आहेत.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० च्या दशकात क्लिफर्ड नॅस आणि बायरन रीव्ह्ज हे दोन प्राध्यापक वरकरणी विचित्र वाटणाऱ्या एका प्रश्नाचा पाठपुरावा करीत होते. माणूस इतर माणसांशी जसा वागतो तसाच संगणकाशीही वागतो काय? त्यांच्या प्रयोगांचे उत्तर ‘होय’ असे आले. एखाद्या संगणकाविषयीचे मत त्याच संगणकावर नोंदवायचे असेल तर लोक हातचे राखून, सौम्यपणे बोलतात. दुसऱ्या संगणकावर नोंदवायचे असेल तर मोकळेपणाने दोष दाखवतात. जणू त्या यंत्राला वाईट वाटेल! १९९६ साली या दोघांनी ‘द मीडिया इक्वेशन’ हा ग्रंथ लिहून आपले निष्कर्ष मांडले.

याच परिसरात बी. जे. फॉग या संशोधकाची जडणघडण झाली. नॅस यांच्यासह त्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेले दोन प्रयोग आजही मुळातून समजून घेण्यासारखे आहेत. पहिल्यात संगणकाने काही जणांना उपयुक्त माहिती शोधून दिली आणि नंतर एका कंटाळवाण्या कामात त्यांची मदत मागितली. ज्याने मदत केली त्याच संगणकासाठी लोकांनी दुसऱ्या संगणकापेक्षा अधिक काम केले. उपकाराची फेड करावी हा माणसाचा मूळचा सद्गुण यंत्राच्याही उपयोगी पडला. दुसऱ्या प्रयोगात संगणकाने लोकांची स्तुती केली. काहींना आधीच बजावून सांगितले होते की या स्तुतीचा तुमच्या कामाशी काहीही संबंध नाही. तरीही, स्तुती खरी आहे असे समजणाऱ्यांना जितका आनंद झाला, जवळपास तितकाच या लोकांनाही झाला. खुशामत आहे हे माहीत असूनही ती गोड लागते, हे राजदरबारातील भाटांना फार पूर्वी कळले होते. प्रयोगशाळेत ते तेव्हा सिद्ध झाले.

संगणकाच्या साहाय्याने माणसाची मते आणि वर्तन कसे बदलता येईल याचा अभ्यास करणाऱ्या या नव्या शाखेला फॉग यांनी ‘कॅप्टॉलॉजी’ असे नाव दिले. १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये त्यांनी या विषयाची स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली आणि २००३ साली ‘पर्स्वेसिव्ह टेक्नॉलॉजी’ हे पुस्तक लिहिले. संगणक हा मन वळवण्याच्या कामी माणसापेक्षा कोणत्या बाबतींत सरस ठरतो, हे त्यांनी त्यात निःसंकोचपणे सांगितले आहे. तो थकत नाही, नकार मिळाला तरी पुन्हा विचारतो, अफाट माहिती साठवून ठेवतो, एकाच वेळी असंख्य लोकांपर्यंत पोचतो आणि जेथे माणसाला प्रवेश नसतो अशा शयनगृहातही तो जाऊन बसतो. फॉग यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. धूम्रपान सोडवणे, व्यायामाची गोडी लावणे, औषध वेळेवर घ्यायला लावणे असे लोकांच्या भल्याचे उपयोग त्यांच्या डोळ्यांसमोर होते. पुस्तकात नीतीविषयी एक स्वतंत्र प्रकरणही आहे. त्याआधी १९९९ साली डॅनियल बर्डिचेव्हस्की आणि एरिक नॉयेन्श्वांडर या दोघांनी या शास्त्रासाठी एक सोपा नियम सुचवला होता. जी गोष्ट स्वतःच्या गळी उतरवलेली निर्मात्याला चालणार नाही, ती त्याने यंत्राकरवी दुसऱ्याच्या गळी उतरवू नये. नियम चांगला होता. मात्र त्याची अंमलबजावणी करणारे कोणी नव्हते.

पुढे काय झाले ते २००७ सालच्या एका वर्गावरून कळते. त्या वर्षी फॉग यांनी फेसबुकसाठी अ‍ॅप तयार करण्याचा अभ्यासक्रम घेतला. ७५ विद्यार्थ्यांनी लहान लहान गट करून तयार केलेल्या अ‍ॅपना दहा आठवड्यांत एकूण १ कोटी ६० लाख वापरकर्ते मिळाले. ती अ‍ॅप फार उपयुक्त होती असे नाही. मित्राला आलिंगन पाठवा, मित्रांना सौंदर्याचे गुण द्या, असा त्यांचा मामला होता. परंतु विशीतील तीन मुले दोन-अडीच महिन्यांत लक्षावधी लोकांना ठरवलेली कृती करायला लावू शकतात, हे भांडवलदारांना त्या वर्गाने दाखवून दिले. कृती सोपी करा, इच्छा जागी करा आणि नेमक्या क्षणी ठिणगी टाका, हे फॉग यांचे सूत्र सिलिकॉन व्हॅलीने पाठ केले. नीतीचे प्रकरण मात्र न उलगडलेल्या पानांत राहिले. या प्रयोगशाळेशी संबंध आलेल्या विद्यार्थ्यांपैकी माइक क्रीगर यांनी २०१० साली इन्स्टाग्रामची सहस्थापना केली. ट्रिस्टन हॅरिस हे दुसरे विद्यार्थी गुगलमध्ये गेले, तेथे बसून माणसाच्या लक्षाची लूट थांबवा असे सांगू लागले आणि अखेरीस बाहेर पडून याच उद्योगाचे टीकाकार झाले. एका वर्गखोलीतून निघालेल्या या दोन वाटा आहेत. पैसा कोणत्या वाटेने गेला, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मन वळवणे ही गोष्ट नवी नाही. कीर्तनकार मन वळवतो, वक्ता वळवतो, दारावर आलेला विक्रेताही वळवतो. साम, दाम, दंड, भेद यांचा विचार करणाऱ्या समाजाला मन वळवण्याचे शास्त्र कोणी परदेशातून आणून शिकवावे असे नाही. पण कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आपण कशासाठी बसलो आहोत हे ठाऊक असते. बुवा समोर उभे असतात, त्यांचे चारित्र्य गावाला माहीत असते, पूर्वरंग संपतो, उत्तररंग संपतो, आरती होते आणि मंडळी घरी जातात. वृत्तपत्राला शेवटचे पान असते. चित्रपटाला मध्यंतर असते. २००६ साली अ‍ॅझा रॅस्किन या तंत्रज्ञाने पडद्यावरचा मजकूर खाली सरकवत नेला की आपोआप पुढचा मजकूर येत राहील अशी रचना केली, आणि शेवटचे पान नाहीसे झाले. पान उलटण्यासाठी बोट थांबत असे, त्या थांबण्यात ‘आता पुरे’ असे म्हणायला जागा होती. तीच काढून घेतली गेली. रॅस्किन यांनी पुढे या शोधाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाइक’चे बटण आले. किती लाइक मिळतील, केव्हा मिळतील हे आधी कळत नाही, म्हणूनच माणूस पुन्हा पुन्हा उघडून पाहतो. दाणा केव्हा पडेल हे निश्चित नसेल तर कबुतर अधिक चिकाटीने चोच मारत राहते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावरच दाखवून दिले होते. जुगाराच्या यंत्रांचा सारा व्यवसाय याच तत्त्वावर चालतो. त्यासाठी जुगाराच्या अड्ड्यापर्यंत चालत जावे लागत असे, एवढाच काय तो अडसर होता.

या सर्व रचनेमागे माणसाविषयीचे एक गृहीतक आहे, आणि मतभेदाचे मूळ तेथे आहे. जे माणूस दाबतो, पाहतो, ज्यावर थबकतो, तेच त्याला हवे आहे असे हे यंत्र मानते. कठोपनिषदात यमाने नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय यांतील भेद सांगितला आहे. हिताचे एक असते, आवडीचे दुसरे. दोन्ही माणसासमोर येतात आणि विचारी माणूस त्यांतून निवड करतो. संगणकाला यांतील फक्त प्रेय मोजता येते. रात्री बारा वाजता चौथी चित्रफीत पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मनातून झोपायचे असते, उद्याच्या परीक्षेची त्याला धास्ती असते. पण त्या इच्छेची नोंद घेणारे बटण कोठेच नसते. चौथी चित्रफीत पाहिली, एवढी एकच नोंद होते आणि तिच्या आधारे पाचवी हजर होते. २०१७ साली नेटफ्लिक्सच्या तत्कालीन प्रमुखांनी आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे असे सांगितले होते. ते विनोदाने बोलले असे म्हणतात. विनोद असेल, पण व्यवसायाचे गणित त्यात अचूक आले होते.

वर्तन बदलते तसे मतही बदलते काय? या प्रश्नाचे उत्तर खुद्द फेसबुकच्या प्रयोगांतून मिळाले. २०१० च्या अमेरिकी निवडणुकीच्या दिवशी सुमारे ६ कोटी १० लाख प्रौढ वापरकर्त्यांवर एक प्रयोग झाला. त्यांतील बहुसंख्यांना मतदानाचे आवाहन दाखवताना, त्यांच्या कोणत्या मित्रांनी ‘मी मतदान केले’ असे नोंदवले आहे त्यांची छायाचित्रेही दाखवली गेली. २०१२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यामुळे सुमारे ३ लाख ४० हजार मतांची भर पडली असावी. टक्केवारीत हा परिणाम नगण्य आहे. पण काही निवडणुकांचे निकाल याहून कमी मतांनी लागतात, आणि हे आवाहन कोणाला दाखवायचे व कोणाला नाही हे ठरवण्याचा अधिकार एका खासगी कंपनीकडे होता. तिने तो पक्षपाताने वापरला असे कोणी म्हटलेले नाही. वापरायचे ठरवले असते तर बाहेर कळले असते काय, हा खरा प्रश्न आहे. जानेवारी २०१२ मध्ये याच कंपनीने ६,८९,००३ वापरकर्त्यांसमोर येणाऱ्या मजकुरातील आनंदाचे किंवा दुःखाचे प्रमाण मुद्दाम कमी करून पाहिले. ज्यांच्यासमोर आनंदाचा मजकूर कमी आला, त्यांच्या लिहिण्यातही आनंदाचे शब्द किंचित कमी झाले. परिणाम अगदी थोडा होता. आपल्यावर प्रयोग होत आहे हे त्या पावणेसात लाखांहून अधिक लोकांना सांगितलेले नव्हते; २०१४ साली शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा जगाला ते कळले.

भारताचा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. विमुद्रीकरणानंतर २५ डिसेंबर २०१६ पासून १४ एप्रिल २०१७ पर्यंत केंद्र शासनाने ‘लकी ग्राहक योजना’ राबवली. रोख न देता केलेल्या लहानसहान व्यवहारांवर सोडतीने बक्षिसे मिळत. एक कोटीचे पहिले बक्षीस लातूरकडे आले आणि नागपूरच्या समारंभात ते दिले गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये गुगलने ‘तेझ’ हे अ‍ॅप आणले तेव्हा पैसे पाठवल्यावर खरवडून पाहायचे एक चित्र येई, त्याखाली कधी काही रुपये निघत, कधी नुसत्याच शुभेच्छा. म्हणजे कबुतराच्या दाण्याचेच तत्त्व. त्यातून लोकांची भीड मोडली, हात सरावला, आणि आज भाजीच्या गाड्यावर दहा रुपये देण्यासाठीही लोक भ्रमणध्वनी पुढे करतात. बक्षिसे केव्हाच आटली, पण सवय टिकली. या उदाहरणात हेतू उघडपणे जाहीर केलेला होता. शासनाला काय साधायचे आहे हे प्रत्येकाला माहीत होते, आणि व्यवहार पुरा झाला की अ‍ॅप बंद करून माणूस आपल्या कामाला लागत होता. मन वळवणारे सर्वच तंत्र त्याज्य आहे असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी बाजू लिहिताना हात जड होतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणाऱ्या टोळीतील समजून जमावाने ठेचून मारले. पिढ्यानपिढ्या भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसे. अशा भटक्यांना गावातून शिधा मिळे, त्यांच्या झोळीला लोक ओळखत. त्या जुन्या ओळखीवर भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या अफवेने मात केली. मारणारे हात माणसांचेच होते आणि त्यांची जबाबदारी कोणत्याही यंत्रावर ढकलता येणार नाही. परंतु त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने जे केले ते पाहण्यासारखे आहे. एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा त्या कंपनीने भारतात घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरवल्यावर अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीनेच जाहीर केले. या अवधीत माणसे सुधारली नव्हती, शाळांत विवेकाचे धडे सुरू झाले नव्हते, कोणी उपोषण केले नव्हते. यंत्रातील एक आकडा बदलला होता. आकडा बदलून वर्तन बदलत असेल, तर आधीचा आकडा निवडणाऱ्याचीही काही जबाबदारी होती, हे मान्य करावेच लागेल.

रागाचीही अशीच गोष्ट आहे. फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांवरून २०२१ साली उघड झाले की २०१७ पासून राग, प्रेम, आश्चर्य दाखवणाऱ्या चिन्हांना ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले जात होते. म्हणजे जो मजकूर वाचून लोक संतापत, तो अधिक लोकांपुढे जाई. असा मजकूर अनेकदा खोटा किंवा विखारी असतो असे कंपनीच्याच संशोधकांना आढळले आणि २०२० मध्ये रागाच्या चिन्हाचे वजन शून्यावर आणले गेले. त्या मधल्या तीन वर्षांत जगभर किती भावकी दुभंगल्या, किती मैत्र तुटले, याचा हिशेब कोणी ठेवला?

येथे समाजकार्य करणाऱ्यांनीही स्वतःकडे पाहण्याची आवश्यकता आहे. ‘संपर्क’ या शब्दाला संघटनेच्या कामात फार जुना आणि निश्चित अर्थ आहे. चपला दाराबाहेर काढून घरात बसायचे, आजारी माणसाची विचारपूस करायची, चहा घ्यायचा आणि आपले म्हणणे मांडण्याआधी त्या घराचे म्हणणे ऐकून घ्यायचे. अशा एका घराला तास-दीड तास लागत असे आणि पुष्कळदा त्या घराचे मत बदलत नसे; पण कार्यकर्त्याला माणूस कळत असे. आता एक संदेश दोनशे जणांना पाठवला की संपर्क झाला असे समजले जाते आणि बैठकीतील वृत्तात आकडा चढतो. विरोधी मताच्या माणसाला शेलक्या शब्दांत सुनावलेला मजकूर सर्वाधिक फिरतो, म्हणून तसाच मजकूर पुढच्या वेळी लिहिला जातो. लिहिणाऱ्याला वाटते आपण विचाराचा प्रसार करीत आहोत. प्रत्यक्षात कोणत्या भाषेत लिहावे हे यंत्र त्याला शिकवीत असते, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याची समोरासमोरची बोलीही तशीच होते. हा दोष एकाच विचारधारेचा नाही. डावे, उजवे, मधले सारेच या शाळेत बसले आहेत. पण ज्यांनी माणसे जोडण्याला काम मानले, त्यांना ही किंमत इतरांपेक्षा अधिक पडते.

येणारा काळ अधिक कठीण आहे, कारण यंत्र आता बोलू लागले आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाचा संवाद करणारा साधा कार्यक्रम लिहिला. तो समोरच्याचीच वाक्ये फिरवून प्रश्न विचारी. तो तयार होताना पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाई त्याच्याशी बोलू लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. बोलणे खासगी होते! आजचे संवादक एलायझापेक्षा कितीतरी पटींनी चतुर आहेत. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला आपल्या चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती मागे घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्याच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावून भलतीच स्तुती करू लागली होती. फॉग आणि नॅस यांच्या १९९७ च्या प्रयोगातील भाट येथे पुन्हा भेटतो, आता तो कोट्यवधी लोकांच्या खिशात आहे. एकाकी मुलाला हा मित्र वाटेल, वृद्धाला सोबती वाटेल. त्यात दिलासा नाही असे नाही. मात्र मित्र कधीतरी ‘तुझे चुकले’ असे म्हणतो, रुसतो, उठून जातो. ज्याचा धंदा माणसाने उठून न जाण्यावर चालतो, तो हे का करील?

यावर उपाय म्हणून आत्मसंयमाचा उपदेश केला जातो. संयम हवाच. तथापि, एका बाजूला पंधरा वर्षांचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या प्रत्येक थबकण्याची नोंद ठेवणारे यंत्र व त्यामागचे हजारो अभियंते, अशा सामन्यात मुलाला ‘मन घट्ट कर’ एवढेच सांगून पालकांनी बाजूला होणे न्यायाचे नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने हे ओळखले. करोनाच्या काळात शिक्षणासाठी मुलांच्या हाती आलेले भ्रमणध्वनी शाळा सुरू झाल्यावरही सुटेनात, तेव्हा ग्रामसभेने निर्णय घेतला. ऑगस्ट २०२२ पासून गावात संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की घरोघरचे भ्रमणध्वनी आणि दूरचित्रवाणी संच बंद करायचे. साडेआठला तो पुन्हा वाजला की ज्याला हवे त्याने सुरू करावेत. प्रारंभी पुरुषमंडळींनी हसण्यावारी नेले असे सांगतात. मग आशा व अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, आणि दीड तास अभ्यासाला, वाचनाला, बोलण्याला मिळू लागला. या उपायात तंत्रज्ञानाचा द्वेष नाही, दंड नाही, बंदी नाही. शेजारच्या घरातला पडदाही त्याच वेळी काळा असतो, म्हणून आपल्या घरातला मुलगा एकटा पडत नाही. ‘माझ्याच मित्रांच्या गप्पांतून मी बाहेर राहीन’ ही जी भीती मुलाला पडद्याशी बांधून ठेवते, तिचाच आधार एका भोंग्याने काढून घेतला. लाखो रुपये खर्चून वर्तनशास्त्राचे तज्ज्ञ जे शोधतात, ते एका ग्रामसभेला सुचले.

वडगावला जे शक्य झाले ते पुण्या-मुंबईच्या सदनिकांत होणार नाही; तेथे शेजाऱ्याचे नाव माहीत असेल तरी पुष्कळ. तेथे कायद्याला पुढे यावे लागेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा प्रकारच्या रचनांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. खोटी घाई दाखवणे, न मागता टोपलीत वस्तू घालणे, नको म्हणणाऱ्याला लाजवणे, वर्गणी बंद करण्याचा मार्ग दडवून ठेवणे असे प्रकार त्यात आहेत. हे चांगले झाले, परंतु ही तत्त्वे खिशाचे रक्षण करतात. पाऊण तास गेला आणि एक रुपयाही खर्च झाला नाही, तर त्यांच्या लेखी काही घडलेलेच नाही. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवर बंधने घालणाऱ्या प्रमुख तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली, म्हणजे त्यांचा अंमल मे २०२७ मध्ये सुरू व्हायचा आहे. युरोपीय संघाने आपल्या डिजिटल सेवा कायद्यात याहून एक पाऊल पुढे टाकले. मोठ्या कंपन्यांनी, व्यक्तीच्या सवयींवर बेतलेला नसेल असा मजकुराचा क्रम निवडण्याची सोय प्रत्येक वापरकर्त्याला दिलीच पाहिजे, असे तो कायदा सांगतो; फेब्रुवारी २०२४ पासून तो पूर्णपणे लागू आहे.

म्हणजे त्याच कंपन्या, तेच अ‍ॅप, पण ब्रसेल्समधल्या मुलाला जो पर्याय हक्काने मिळतो तो नाशिकच्या मुलाला मिळेलच असे नाही. वापरकर्त्यांच्या संख्येत भारत युरोपपेक्षा मागे नाही. तेव्हा हा पर्याय मागण्याचा अधिकार भारताला कमी आहे असे कोण म्हणेल? अल्पवयीन मुलांसाठी आपोआप पुढची चित्रफीत सुरू होण्याची सोय मुळातच बंद ठेवावी, मजकुराला शेवटचे पान परत द्यावे, मजकूर कोणत्या वजनांनी पुढे-मागे केला जातो ते स्वतंत्र तपासनीसांना पाहू द्यावे आणि वापरकर्त्यांवर प्रयोग करण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी, एवढ्या चार गोष्टी कायद्याच्या चौकटीत आणता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी नवे संशोधन लागत नाही. पाचाच्या मर्यादेने २०१८ साली दाखवून दिले आहे की कंपन्यांनी मनात आणले तर हा बदल थोड्या दिवसांत होतो. मे २०२७ पर्यंत जी मुदत आहे ती कंपन्यांना तयारीसाठी दिलेली आहे. संसदेच्या सदस्यांनी आणि शाळा-पालक संघांनी ती आपल्यासाठीही आहे असे समजून हे प्रश्न आताच विचारायला प्रारंभ करावा.